कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, पण कुणाचा?

“कृष्णविवराजवळ काळ मंदावतो” एवढं म्हणून भागत नाही. घड्याळ कुणाचं आणि ते ताडून कुणाच्या घड्याळाशी पाहायचं, हे आधी ठरवा.

साल्हेरचा माथा १,५६७ मीटर उंच, नाशिक शहर सुमारे ६०० मीटरवर. दोन्हीकडे अणुघड्याळं ठेवली तर साल्हेरचं दिवसाला साधारण ९ नॅनोसेकंद पुढे जाईल. गुरुत्वाचा हाच परिणाम टोकाला गेला की काय होतं, ते आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवरापाशी दिसतं.

त्याचं वस्तुमान ४३ लाख सूर्यांएवढं. एका सूर्यामागे २.९५ किमी धरले की घटना क्षितिजाची (जिथून आत गेलेला प्रकाशही परत येत नाही त्या सीमेची) त्रिज्या येते सुमारे १ कोटी २७ लाख किमी. ते स्वतःभोवती फिरत नाही असं समजू. क्षितिजाच्या त्रिज्येला केंद्रापासूनच्या आपल्या अंतराने (आपल्या त्रिज्येने) भागा, उत्तर १ मधून वजा करा, वर्गमूळ काढा: दूरच्या घड्याळाच्या किती पट वेगाने आपलं चालतं, ते मिळतं. तिप्पट त्रिज्येवर इंजिनाच्या जोरावर एका जागी तरंगणाऱ्याची ४९ मिनिटं होतात तेव्हा दूरच्याचा तास भरतो. इथे घोळ नाही, मागे कोण पडलं यावर दोघांचं एकमत असतं.

गणित फसतं ते पुढे. त्याच त्रिज्येवर कक्षेत फिरणाऱ्याला हे सूत्र चालत नाही, कारण वेगानेही घड्याळ मंदावतं. भागाकाराला आधी दीडने गुणायचं. त्याची ४२ मिनिटंच होतात.

आत पडणाऱ्याला स्वतःचं घड्याळ मंद झाल्याचं जाणवतच नाही. फार दुरून अलगद सोडलेला माणूस क्षितिज ओलांडल्यावर २८ सेकंदांत केंद्रात पोचतो. कितीही इंजिन चालवलं तरी ६६ सेकंदांच्या वर मिळत नाहीत. विश्वाचं सगळं भविष्य त्याला झरझर दिसतं, ही निव्वळ थाप. थेट पाठीमागून येणारा प्रकाश क्षितिजापाशी त्याला निम्म्या वारंवारतेचा दिसतो, म्हणजे बाहेरचं जग उलट संथच. बाहेरच्याला मात्र तो क्षितिजाशी रेंगाळताना दिसतो, पण तसा टांगून राहत नाही: त्याच्या प्रकाशाची वारंवारता दर मिनिटाला निम्मी होते आणि थोड्याच वेळात तो दिसेनासा होतो.

मोजलेलं उदाहरणही आहे. मे २०१८ मध्ये एस-२ हा तारा या कृष्णविवरापासून सुमारे १,८०० कोटी किमीवरून, सेकंदाला ७,६५० किमी वेगाने गेला. चिलीतल्या दुर्बिणींनी त्याच्या प्रकाशातला जादा तांबडेपणा, म्हणजे वारंवारतेतली जादा घट, टिपला. हिशेब केला तर तिथलं घड्याळ दिवसाला जवळपास एक मिनिट मागे पडत होतं, निम्मं गुरुत्वामुळे, निम्मं वेगामुळे.