शुक्रवार पेठेतली ट्रंक

"काका, एकशे ऐंशीच्या वर कॉमिक्स निघालीत. त्यातली साठेक मी स्वच्छ करून ठेवलीत, बाकीची रात्रीपर्यंत करतो."

फोनवरच्या त्या मुलाला मी तिथेच थांबवलं. म्हटलं, आता एकाही अंकाला हात लावू नकोस, मी तासाभरात पोचतो. मी जुनी कॉमिक्स घेऊन पुढे विकतो. या व्यवहारात 'फाटलेली आहेत', 'भिजलेली आहेत' हे ऐकून मला कधी धसका बसत नाही. 'स्वच्छ केलीत' म्हटलं की बसतो.

घटस्थापनेला आठवडा राहिला होता. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत पंचगंगेच्या बाजूचं कौलारू घर, नवरात्राच्या साफसफाईत माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली आलेली. २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. या घराच्या खालच्या खोल्यांत तेव्हा कमरेइतकं पाणी उभं होतं, ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. पाणी लागलं नाही तरी ओल लागतेच. तळाच्या अंकांना पत्र्याचा गंज चिकटला होता आणि झाकण उघडताच बुरशीचा कुबट वास आला. तो वास आला की ट्रंक आधी मोकळ्या हवेत न्यायची आणि तोंडाला मास्क लावायचा. बुरशीची पूड छातीत गेली तर खोकला लागू शकतो.

मोजणी केली. एकूण १८६ अंक. त्यात वेताळ-मँड्रेकच्या गोष्टींची मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स' १३१, चांदोबा ३८, अमर चित्रकथा १७. 'स्वच्छ' झालेले ६४, सगळे इंद्रजालचे, कारण ते वर होते.

जेवणाच्या टेबलावर पांढरा माउंटबोर्ड अंथरला. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केले. सुती हातमोजे मी वापरत नाही, ठिसूळ पानाची कड त्यांच्या धाग्यात अडकून तुटते. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, स्टीलची पट्टी, एक साधी टॉर्च, एक अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च, मऊ चपटा ब्रश, चिठ्ठ्या आणि पेन्सिल. पेन टेबलाच्या आसपाससुद्धा नको.

पहिलं काम पानं मोजण्याचं. कव्हर कितीही चकचकीत असो, मधलं पान गेलेलं असेल तर अंक अपुरा. मुलं मधल्या पानावरची चित्रं कापून वहीत चिकटवायची, मधली जोडपानं पिनेतून सुटून हरवायची. मग पिना पाहायच्या: मूळच्याच आहेत का, गंज कागदात किती उतरलाय, पिनेपासून कव्हर सुटलंय का. त्यानंतर खोलीतला दिवा मालवून साधी टॉर्च जवळजवळ आडवी धरायची. समोरून न दिसणारे दाब, मोडी, पेनाच्या टोकाचे ठसे आडव्या उजेडात डोंगरदऱ्यांसारखे उठून दिसतात. अंक नव्वद अंशांहून जास्त उघडायचा नाही. सगळे दोष चिठ्ठीवर लिहून झाल्यावर शेवटी ग्रेड, म्हणजे अंकाच्या अवस्थेचा आकडा. ग्रेड आधी लिहिली की डोळे तिच्या सोयीचे दोष शोधू लागतात.

ग्रेडची पट्टी ०.५ ते १० अशी, अमेरिकेतून आलेली. २.० म्हणजे 'गुड', ४.० 'व्हेरी गुड', ६.० 'फाइन', ८.० 'व्हेरी फाइन', ९.४ 'निअर मिंट'. सगळे वाद त्या 'गुड'वरून होतात. विकणारा चांगल्या मनाने 'गुड कंडिशन' म्हणतो आणि पट्टीवरचा गुड म्हणजे मळलेला, स्पाइनला, म्हणजे पिनांकडच्या कण्याला, चिरा गेलेला, पण पानं पूर्ण असलेला अंक. म्हणून बोलणी करताना मी शब्द वापरत नाही, आकडा आणि दोष सांगतो.

आता त्या ६४ अंकांचं. मुलाने मन लावून चार प्रकारचं काम केलं होतं, आणि चारही प्रकारांनी नुकसान झालं होतं.

कव्हरं ओल्या फडक्याने पुसली होती. कागद ओलसर होऊन फुगला, वाळताना लाटा आल्या, आणि भिंगाखाली पाहिलं तर शाईचा वरचा थर जागोजागी घासून गेलेला. कोरडी धूळ मऊ ब्रशने स्पाइनकडून बाहेरच्या दिशेने झटकायची, त्यापुढे घरी काही करायचं नाही.

मग लाटा काढायला त्याने इस्त्री फिरवली. न्यूजप्रिंटमध्ये लाकडाचा लगदा तसाच असतो, त्यातलं लिग्निन हवा आणि उजेडाने पिवळं पडतं आणि कागद आम्ल होत जातो. अशा कागदातला उरलासुरला ओलावा इस्त्री ओढून घेते. पानं हाताळताना कुरकुरीत आवाज येत होता. शिवाय पिनेवर इस्त्री दाबली गेली, तिथे तिचा ठसा पुढच्या चार-पाच पानांवर उमटला होता. वाकलेला अंक सरळ करायचा तर दोन आम्लरहित बोर्डांमध्ये ठेवून वर सपाट वजन द्यायचं आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं.

फाटलेल्या स्पाइनला सेलोटेप होती. ही टेप आज पारदर्शक दिसते. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो, प्लास्टिक गळून पडतं आणि तेलकट तपकिरी पट्टा कायमचा राहतो. "काका, कालच लावलीय की, आत्ता काढू या," तो म्हणाला. कव्हर नसलेला, पानं गेलेला एक अंक घेऊन त्याच्यासमोर करून दाखवलं. टेपचं टोक मागे दुमडून, कागदाला जवळजवळ समांतर धरून अगदी सावकाश ओढलं. टेप आली, सोबत न्यूजप्रिंटचा वरचा थर अक्षरांसकट आला. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. बाकीच्या टेपा आम्ही तशाच राहू दिल्या. फाटलेला भाग जोडायलाच हवा असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि तेही सवयीच्या हाताने. तशी दुरुस्तीही विकताना सांगावीच लागते.

चौथा प्रकार मला सर्वांत जास्त लागला. नऊ अंकांच्या कुरतडलेल्या कडा त्याने पट्टी धरून कापल्या होत्या. दिसायला झकास. त्याच काळातल्या न कापलेल्या अंकाशेजारी ठेवून मापलं तर ३ ते ४ मिलिमीटर कमी भरले. कापलेली कड ओळखायला पट्टी पुरते: उंची-रुंदी मापायची, आणि कडेचा रंग पाहायचा. पानाच्या कडा जुन्या कागदात मध्यापेक्षा गडद असतात, ताज्या कापाची कड फिकी दिसते. कुरतडलेली कड हा दोष आहे, कापलेली कड म्हणजे अंकाचा भागच गेला. माझ्या अंदाजाने जे अंक ४.५ पर्यंत गेले असते ते या चार सोपस्कारांनी दीड-दोनवर आले. इंद्रजालच्या हात न लावलेल्या ६७ अंकांत वाकलेले, मळके, गंजलेल्या पिनांचे बरेच होते, तरी निम्म्याहून अधिक ३.० ते ५.० मध्ये बसले.

मग मी विचारलं, "रद्दीत काय टाकलंय?" हा प्रश्न मी प्रत्येक घरी विचारतो. दाराशी जुन्या वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवला होता, रद्दीवाला संध्याकाळी यायचा होता. त्यात खाकी कव्हर घातलेल्या, चौकोनी लेबल लावलेल्या वह्या होत्या. त्यातल्या अकरा वह्या नव्हत्याच.

मुलाच्या आजोबांच्या धाकट्या भावाने लहानपणी शाळेच्या पुस्तकांसारखी अंकांनाही खाकी कव्हरं घातली होती, बहुधा घरातल्या मोठ्यांपासून लपवायला. नऊ कव्हरं नुसती दुमडून आत खोचलेली, ती अलगद निघाली. आतला वेताळ (इंग्रजीतला फँटम) जांभळा, मागचं जंगल हिरवं, छापखान्यातून निघावं तसं. उजेड न लागल्याने शाई उडाली नव्हती, हाताचा तेलकटपणा खाकी कागदाने झेलला होता. खाकी कागदही आम्लच, त्यामुळे आतल्या बाजूला दुमडीच्या आकाराची तपकिरी सावली उमटली होती, तेवढे गुण गेले. त्यातले तीन अंक ७.० च्या वर गेले. उरलेली दोन कव्हरं खळीने चिकटवलेली होती आणि त्या खळीच्या रेषेवरच कसर लागली होती. कसरीला पिष्ट हवं असतं, ती शाई सोडून खळ खात जाते आणि कागद तिच्या वाटेत येतो.

अकरापैकी एका अंकाला मूळ कव्हर नव्हतं आणि खाकीवर पेन्सिलने '१' लिहिलं होतं. घरातल्या वहिनी आतून आल्या. "पहिला अंक लाखात जातो म्हणत्यात, ह्यो त्योच काय ओ?" इंद्रजालची सुरुवात मार्च १९६४ ची, टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेची. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळाचे होते. हातातला अंक जादूगार मँड्रेकचा होता. म्हणजे तो पहिल्या ३२ मधला असूच शकत नव्हता. शेजारच्या खाकी कव्हरांवर २, ३, ४ लिहिलेलं दाखवलं, ते आजोबांच्या त्या भावाने स्वतःच्या फळीला दिलेले क्रमांक होते. वहिनींनी अंक परत हातात घेतला आणि बराच वेळ लेबलावरचं नाव वाचत राहिल्या.

कव्हर नसलेल्या अंकाचा काळ असाच आतून काढायचा: कोणता नायक, कोणती जाहिरात, शेवटच्या पानाच्या तळाशी छापखान्याची ओळ. बहादूर दिसला तर १९७६ च्या आधीचा नाही, कारण आबिद सुरतींनी तो तेव्हा आणला. आणि कोणी खरोखरच 'पहिला अंक' घेऊन आला तर आधी अतिनील टॉर्च आतल्या पानांवर मारा. आजच्या पांढऱ्या कागदात चमक वाढवणारी रसायनं असतात, तो निळसर उजळतो. साठच्या दशकातलं न्यूजप्रिंट मंद, मातकट राहतं. भिंगाखाली जुन्या छपाईचे ठिपके ओळीत दिसतात, इंकजेटचे विखुरलेले शिंतोडे.

हिशेब तीन गठ्ठ्यांत केला. हात न लावलेले आणि खाकीतले अंक एकेकाचा वेगळा दर लावून, 'स्वच्छ' केलेले ६४ वाचनाच्या प्रती म्हणून एकगठ्ठा, चांदोबा आणि चित्रकथा तिसऱ्या. चित्रकथेची पुनर्मुद्रणं पुष्कळ असल्याने तिथे दर लावण्याआधी छापील किंमत आणि मागच्या कव्हरावरची यादी पाहावी लागते: यादीत नंतरची शीर्षकं असतील तर ती पहिली आवृत्ती नव्हे. प्रत्येक चिठ्ठी मुलाकडून वाचून घेतली, त्याची सही घेतली. टेप, इस्त्री, काप हे दोष चिठ्ठीवर ठळक लिहिले, कारण हे अंक माझ्याकडून पुढे ज्याच्याकडे जातील त्यालाही ते कळायला हवेत.

कसर लागलेले दोन्ही अंक जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, टेपने बंद केले. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी न उघडता ठेवायची, नाहीतर गार कागदावर दव धरतं.

मँड्रेकचा तो '१' वहिनींनी विकला नाही. त्याला पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये घातलं, पीव्हीसीची पिशवी घ्यायची नाही, ती चिकट होऊन शाई ओढते. मागे आम्लरहित बोर्ड, खाकी कव्हर वेगळ्या स्लीव्हमध्ये. "माळ्यावर परत ठेवू?" त्यांनी विचारलं. माळ्यावर नको, जमिनीलगतही नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट, मधला खण, सिलिका जेलची पुडी, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुडी बदलायची. मुलाने ते सगळं माझ्याच पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि कपाटाच्या दाराला आतून लावलं.