पद्मिनीचे इंजिन पुन्हा बांधताना : माझा अनुभव

आमच्या घरातील प्रीमियर पद्मिनी निळा धूर सोडू लागली आणि खानापूर-बेळगाव अशा रोजच्या ये-जा करण्यात महिनाभरही तेल पुरेनासे झाले, तेव्हा इंजिन पूर्ण उतरवून पुन्हा बांधण्याखेरीज उपाय उरला नाही. या गाडीचे इंजिन मुळात फियाटच्या ११०० मालिकेतले आहे. १०८९ सीसीचे चार सिलिंडर, ओतीव लोखंडी ब्लॉक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे हेड, ब्लॉकमध्ये बसवलेला कॅमशाफ्ट आणि पुशरॉडने उघडणारे व्हॉल्व्ह, अशी त्याची साधी रचना आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने तयार होत असे आणि मुंबईच्या टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग बरीच वर्षे सहज मिळत राहिले. २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. आता जे भाग मिळतात ते बहुतेक निरनिराळ्या कारखान्यांनी नमुना पाहून केलेले असतात, म्हणून प्रत्येक भाग मोजूनच घ्यावा लागतो.

बेळगावात राहण्याचा मोठा फायदा म्हणजे उद्यमबाग. तिसऱ्या रेल्वे गेटापासून पुढे ओतकामाचे कारखाने, लेथ, ग्राइंडिंग आणि बोअरिंगची दुकाने इतकी जवळजवळ आहेत की क्रँक एका ठिकाणी, ब्लॉक दुसरीकडे आणि हेड तिसरीकडे देऊन संध्याकाळी तिन्ही कामांची चौकशी पायी करता येते. बोलणे अर्धे कानडीत आणि अर्धे मराठीत चालते. मापे मात्र सगळीकडे थौमध्येच, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागातच, सांगितली जातात.

सिलिंडर खालीवर सारखे झिजलेले नव्हते, म्हणून ६८ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ करावा लागला. त्यामुळे इंजिनाची क्षमता हिशेबाने सुमारे ११०५ सीसी झाली, हा एक गमतीचा भाग. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते : नवे पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नये. आमच्या चार पिस्टनांच्या व्यासांत थोडा फरक होता, म्हणून प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनाप्रमाणे होन करून (बारीक घासून) घेतला आणि पिस्टनावर क्रमांक कोरला. शहापुरातील ओळखीच्या सराफाच्या काट्यावर पिस्टन तोलून घेतले, तेव्हा एक पिस्टन इतरांपेक्षा जड निघाला. त्याच्या आतील बाजूचे थोडे धातू खरवडून तो इतरांच्या वजनाला आणला. सराफाने हे काम हसत केले, पण काट्याखाली कागद अंथरायला तो विसरला नाही.

क्रँक १० थौ खाली ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगे घेतली. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातील फट व्यासाच्या प्रत्येक इंचामागे सुमारे एक थौ असावी हा जुना आडाखा आहे, आणि बोअर गेज व मायक्रोमीटर लावून पाहिल्यावर आमचे माप त्याच्या जवळपास आले. रिंग सिलिंडरमध्ये घालून उलट्या पिस्टनाने सरळ खाली ढकलायची आणि तिच्या दोन टोकांतील फट फिलर गेजने पाहायची, हे काम कंटाळवाणे असले तरी टाळण्यासारखे नाही, कारण फट कमी पडल्यास तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांवर आदळून सिलिंडर ओरखडतो. या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपासची फट योग्य ठरते. दोन रिंगांना कानस लावावी लागली.

जोडणीपूर्वी ब्लॉक धुणे हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. बोअरिंग व होनिंगचा किस तेलाच्या वाहिन्यांत आणि सिलिंडरच्या भिंतींच्या बारीक रेषांत अडकून बसतो आणि नुसत्या रॉकेलने तो निघत नाही. वाहिन्यांची बुचे काढून, लांब ब्रश घालून, गरम पाणी आणि साबणाने ब्लॉक धुतला. पांढरे फडके सिलिंडरमधून फिरवून ते पांढरेच बाहेर आले, तेव्हा धुणे थांबवले. ब्लॉकमधील पाण्याच्या जागेची बुचेही काढली होती, आणि चौथ्या सिलिंडरच्या मागे ओंजळभर तांबडा गाळ निघाला. त्या गाळाकडे तेव्हा जरा अधिक लक्ष द्यायला हवे होते, असे आता वाटते. पावसाळ्याचे दिवस असल्याने ओला ब्लॉक पाहता पाहता तांबूस होऊ लागतो, म्हणून हवेने सुकवून लगेच तेल चोळले.

क्रँक, पिस्टन, साखळी आणि कॅमशाफ्टच्या खुणा यांची जोडणी मेस्त्रींनी पुस्तक समोर ठेवून केली. हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि इंजिन थंड असतानाच टॉर्क पान्याने आवळले. प्लग काढून इंजिन फिरवून गेजवर तेलाचा दाब दिसल्यावरच ठिणगी जोडली. इंजिन सुरू झाल्यावर ते नुसते गुरगुरत न ठेवता वीसेक मिनिटे मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर चालवले, कारण कॅम आणि त्यावर टेकणारे टॅपेट यांचे पृष्ठभाग एकमेकांना याच काळात बसतात आणि मंद गतीत त्यांना पुरेसे तेल उडत नाही. थंड झाल्यावर हेड पुन्हा आवळले आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा जुळवले.

येथपर्यंत सर्व व्यवस्थित पार पडले. अडचणी त्यानंतर सुरू झाल्या, आणि विशेष म्हणजे त्यांपैकी एकही आम्ही बांधलेल्या भागात नव्हती. जुन्या, दमलेल्या इंजिनाला जे भाग कसेबसे पुरत होते, ते घट्ट आणि जोमदार इंजिनाला पुरेनात.

पहिली तक्रार स्टार्टरची होती. बॅटरी चांगली असूनही इंजिन जडपणे फिरे. नव्या रिंगांमुळे ते जड जाणारच, असे सर्वांचे मत पडले. परंतु स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि ब्लॉक यांच्यात मीटर लावला, तेव्हा दीड व्होल्टच्या जवळपास घट दिसली. ती अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असायला हवी. अर्थिंगची विणलेली पट्टी आतून हिरवी पडली होती आणि ब्लॉकला नवा रंग मारताना पट्टीची बैठकही रंगली होती. बैठक घासून धातू उघडा केला, पट्टी बदलली, आणि तो प्रश्न तेथेच मिटला.

दुसरी अडचण अधिक त्रासदायक होती. गाडी शहरात व्यवस्थित चाले, पण संकेश्वरच्या दिशेने वंटमुरी घाट चढताना तापमानाचा काटा तांबड्या खुणेकडे सरके. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाने हेड गॅस्केटला दोष दिला आणि हेड पुन्हा उतरवण्याचा सल्ला दिला. मेस्त्री मात्र शांत होते. "इंजिन नवं झालंय की ओ, रेडिएटर जुनाच हाय न्हवं?" एवढेच ते म्हणाले. हेडला हात लावण्याआधी जे तपासता येते ते सर्व तपासले : चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन १३० ते १३५ पौंडांच्या दरम्यान, म्हणजे जवळजवळ सारखे होते, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नव्हते, तेल दुधाळ झालेले नव्हते, थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या भांड्यात नीट उघडत होता. मग तापलेल्या गाडीच्या रेडिएटरवर लांबून तापमान दाखवणारा मापक फिरवला. मधला भाग चांगलाच तापलेला आणि दोन्ही कडांच्या उभ्या नळ्या जवळजवळ थंड, असे चित्र दिसले. त्या नळ्यांतून पाणी वाहतच नव्हते.

रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याने वरची टाकी डाख सोडवून उघडली, तेव्हा न्हाणीघरातील बंबाच्या आत जमतो तसा पांढुरका थर नळ्यांच्या तोंडाशी दिसला. वर्षानुवर्षे कूपनलिकेचे जड पाणी भरल्याचा तो परिणाम होता. रेडिएटर तांब्या-पितळेचा असल्याने नळ्यांतून सळई फिरवून तो साफ करता आला. त्यानंतर क्षारविरहित पाणी आणि कूलंट यांखेरीज काही भरलेले नाही. जुन्या इंजिनात हाच रेडिएटर कसा चालला, याचे उत्तर सोपे आहे : गाडी तेव्हा घाट चढण्याच्या वेगाने जातच नव्हती, आणि नव्या रिंगांचे घर्षण बसेपर्यंत जी जादा उष्णता निघते, तीही तेव्हा नव्हती.

उष्णतेचा प्रश्न सुटल्यावर त्याच घाटात तिसऱ्या गिअरमध्ये खडखड ऐकू येऊ लागली. हेडची बैठक घासून सपाट केल्याने आणि रिंगा नव्या असल्याने दाब वाढला होता, त्यामुळे ठिणगीच्या वेळेतील लहानसा फरकही आता सोसत नव्हता. टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण एका जागी न थांबता पुढेमागे उडत होती. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा दांडा बुशमध्ये हलत होता आणि त्यामुळे पॉइंटची फट प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी पडत होती. या बुशचा नवा नग बाजारात मिळेना. उद्यमबागेतील एका टर्नरने गनमेटलची कांडी कातून बुश केला आणि रीमर फिरवून दांड्याला बसवला. त्याने घेतलेली मजुरी दोन जणांच्या चहा-नाश्त्याइतकीच होती.

इंधनाची कथा वेगळी आहे. दीर्घ चढावर गाडी काही वेळाने मरगळे आणि थोडे थांबल्यास पुन्हा चाले. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून बाटलीत धरली, तर पंपाची धार अशक्त आणि हवेच्या बुडबुड्यांनी भरलेली निघाली. पंपाचा पडदा फुगून मऊ झाला होता आणि टाकीकडची रबरी नळी आतून भेगाळली होती. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि या गाडीचे रबर त्यासाठी बनलेलेच नाही. बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखाने याच इथेनॉलवर मोठी भिस्त ठेवतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या रस्त्यावर बंद पडून उभे राहताना तक्रार करायची तरी कोणाकडे? इथेनॉलला टिकणारी नळी आणि नवा पडदा बसवला, टाकी काढून गंज धुतला. प्लगची टोके पांढरट दिसत होती, म्हणजे मिश्रण विरळ होते. मुख्य जेट एक माप मोठा केल्यावर ती तपकिरी झाली.

पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलले तेव्हा गाळाच्या बुचाला बारीक करडी भुकटी चिकटलेली होती, पण चमकणारे तुकडे नव्हते. बेअरिंगे सुरक्षित असल्याची ती खूण मानता येते. धूर थांबला आहे आणि तेलाची पातळी आता एका बदलापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम हलते. गरम इंजिन सिग्नलला उभे असताना मात्र अजून डगमगते. कार्बोरेटरच्या थ्रॉटलचा दांडा झिजला आहे आणि त्याच्या कडेने हवा आत शिरते. दांड्याजवळ थोडे तेल सोडले की इंजिन क्षणभर स्थिर होते, यावरून ते स्पष्ट झाले. पावसाळा संपला की कार्बोरेटर त्याच टर्नरकडे जाईल.