बारा गावचं पाणी प्यालेली कॅथरीन

मुलींच्या नावांच्या कुठल्याही यादीत कॅथरीनपुढे एकच अर्थ छापलेला असतो: शुद्ध, पवित्र. अर्थ छान आहे, पण तो नावात मागाहून बसवलेला आहे. ग्रीकमध्ये हे नाव 'एकातेरीनी' असं आहे. त्यात 'ताउ' हे अक्षर येतं, म्हणजे आपला त. शुद्ध या अर्थाचा ग्रीक शब्द 'कथारोस'. त्यात 'थीटा' आहे, आणि त्याचा जुना उच्चार आपल्या थ सारखा. ताट आणि थाट यांत काय फरक आहे हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. प्राचीन ग्रीकांनाही लागत नसे. लॅटिन लिहिणाऱ्यांना मात्र संत स्त्रीच्या नावात पावित्र्य दिसायला हवं होतं, म्हणून त्यांनी टीच्या मागे एच आणून बसवला. तो पाहुणा अजून उठलेला नाही.

नावाच्या खऱ्या मुळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. 'दोघांपैकी प्रत्येक' अशा अर्थाच्या 'हेकातेरोस' या शब्दाकडे काहीजण बोट दाखवतात, काहीजण हेकाते देवीकडे. 'पवित्र' मात्र फक्त यादीवाल्यांचं.

त्या आगंतुक एचने पुढे बरीच मजा केली. फ्रेंचांनी तो लिहिला, पण उच्चारला नाही. त्यांची कॅथरीन बोलताना 'कात्रीन'च राहिली. इंग्लंडमध्येही मध्ययुगात उच्चार ट चाच होता. पुढे लोक स्पेलिंगकडे बघून बोलायला लागले आणि ट चा थ झाला. पुरावा घरातच आहे. केट, किट, किटी ही लाडाची नावं जुन्या उच्चारावरून पडली, म्हणून त्यांच्यात अजून ट आहे. कागदावरचं नाव बदललं, हाक मारायचं नाव जुनंच राहिलं.

इंग्रजी स्पेलिंगचा घोळ निस्तरायचा तर तीन जागा तपासाव्या लागतात: सुरुवातीला सी की के, मध्ये ए की ई, आणि शेवटी आयएनई की वायएन. अभिनेत्री हेपबर्नच्या कॅथरीनमध्ये मधलं अक्षर ए आहे, ई लिहिलं की चूक. आठव्या हेन्रीची सहावी राणी कॅथरीन पार हिच्या सहीत तर थ चा एचही नाही. 'केटरिन द क्वीन' असं लिहून पुढे ती के आणि पी ही आद्याक्षरं जोडायची. जुन्या चर्चच्या नोंदवहीत कुणी कॅथरीन शोधत असेल तर सी आणि के अशी दोन्ही पानं उघडावीत. एकाच बाईचं नाव बाप्तिस्म्याला एका अक्षराखाली आणि लग्नाला दुसऱ्या अक्षराखाली सापडू शकतं.

नाव पसरलं ते अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनमुळे. आख्यायिका चौथ्या शतकातली: राजघराण्यातली शिकलेली मुलगी, पन्नास तत्त्वज्ञांना वादात हरवते, तिला मारायला आणलेलं काटेरी चाक मोडतं, आणि शेवटी तिचा शिरच्छेद होतो. ती खरोखर होऊन गेली याला समकालीन पुरावा नाही. म्हणूनच 1969 मध्ये रोमने तिचा सण सार्वत्रिक कॅलेंडरातून काढला आणि 2002 मध्ये ऐच्छिक म्हणून परत घेतला. लोकांना त्याने काही फरक पडला नाही. चाकामुळे चाकं बनवणारे, सूत कातणाऱ्या बाया, गिरणीवाले सगळे तिचे भक्त झाले. वादविवादामुळे विद्यार्थीही आले. इंग्लंडात त्या चाकाचं नाव फटाक्याला मिळालं. कॅथरीन व्हील म्हणजे आपलं भुईचक्रच, पण ते जमिनीवर सोडत नाहीत, खांबाला खिळ्याने ठोकून उभं फिरवतात. खिळा फार घट्ट बसला तर चक्र फिरतच नाही, जागच्या जागी फुरफुरून संपतं.

आता नावावरून गाव ओळखायचं कसं ते बघू. पहिली खूण सुरुवातीच्या ए ची. ज्यांनी नाव थेट ग्रीक चर्चकडून घेतलं त्यांनी ए सांभाळला: रशियन येकातेरिना, बल्गेरियन एकातेरिना, रुमेनियन एकातेरिना. लॅटिनच्या वाटेने गेलेल्यांचा ए गळाला: इटालियन कातेरिना, पोर्तुगीज कातारिना, जर्मन काथारिना, पोलिश काताझिना. पोलिशमध्ये र लिहिलेला दिसतो, पण तो झ मध्ये विरघळलेला असतो. चेक लोकांनी र आणि झ दोन्ही एकाच दमात म्हणायचे ठरवले, म्हणून त्यांची कातेर्झिना परक्याच्या जिभेला सहसा वळत नाही. गंमत म्हणजे खुद्द ग्रीसमध्ये ए फक्त सरकारी कागदावर टिकलाय. दारात उभं राहून हाक मारायची ती कातेरिनालाच.

दुसरी खूण र च्या जागी आलेल्या ल ची. स्पॅनिश कातालिना, हंगेरियन कातालिन, जुनी फ्रेंच कातेलीन. ही फ्रेंच कातेलीन नॉर्मनांबरोबर आयर्लंडला गेली आणि तिची आयरिश 'कॅचलीन' झाली. काही भागांत ट शाबूत ठेवून 'काटलीन' म्हणतात. इंग्रजांनी ते ऐकून कॅथलीन लिहिलं. विसाव्या शतकात अमेरिकनांनी उलटं केलं. त्यांनी आयरिश स्पेलिंग तसंच उचललं आणि इंग्रजी पद्धतीने वाचलं, म्हणून 'केटलिन' जन्माला आली. मग त्या उच्चारावरून नवी स्पेलिंगं निघाली, आज त्यांचा हिशेब ठेवणं अवघड आहे. कॅथलीन आणि केटलिन या दोन वेगळ्या बहिणी वाटतात, पण एकच मुलगी दोनदा मोजलेली आहे.

तिसरी खूण कापाकापीची, आणि मला विचाराल तर खरी चव तिथेच आहे. सुरमईसारखं हे नाव जो तो आपापल्या आवडीचा तुकडा ठेवून कापतो. इंग्रजांनी डोकं ठेवलं: केट. जर्मनांनी शेपटाकडचा भाग घेतला: त्रीने, डचांनी त्याला लाडाचा प्रत्यय लावून त्रेइन्ये केलं. इटालियनांना अगदी टोक पुरलं: रीना. स्कँडिनेव्हियाने मधला तुकडाच काढून टाकला आणि दोन्ही टोकं जोडली, स्वीडिश कारिन, डॅनिश कारेन, नॉर्वेजियन कारी. फार वापरलं की नाव घासतंही. खेडोपाडी त्रीने इतक्या झाल्या, की जर्मनमध्ये तो शब्द 'बावळट बाई' या अर्थाने कोशात गेला.

तीच गत डॅनिश कारेनची अमेरिकेत झाली. स्थलांतरितांबरोबर ती तिकडे गेली, उच्चार 'कॅरन' झाला आणि 1965 मध्ये अमेरिकेतल्या मुलींच्या नावांत ती तिसऱ्या क्रमांकावर होती. त्या पिढीच्या बाया पन्नाशी-साठीत आल्या आणि समाजमाध्यमांवर 'कॅरन' म्हणजे दुकानात मॅनेजरला बोलवा म्हणून हटून बसणारी बाई असा शिक्का बसला. डेन्मार्कच्या कारेनना या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं.

रशियन आणि पोलिश लोकांशी बोलताना तुकडा चुकला तर माणूस दुखावतो. रशियात अनोळखी किंवा मोठ्या बाईला वडिलांच्या नावासकट 'येकातेरिना इवानोव्ना' म्हणायचं. कात्या ही मैत्रिणीची हाक, कात्यूशा आणि कातेंका माया लावून, तर कात्का म्हटलं की तुम्ही एकतर फार जवळचे किंवा फार उद्धट. कात्यूशा हे नाव दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी बीएम-13 या रॉकेट लाँचरलाही दिलं, त्या वेळी सगळ्यांच्या ओठी असलेल्या एका गाण्यावरून. पोलंडमध्ये लाडकं नाव काशा, पण हाक मारताना त्याचं 'काशू' होतं, कारण त्यांच्याकडे आपल्यासारखी संबोधन विभक्ती शाबूत आहे. ऑफिसात मधला मार्ग 'पानी काशू', म्हणजे मान आणि जवळीक दोन्ही.

राजघराण्यांत नाव सीमा ओलांडताना कपडे बदलत असे. आठव्या हेन्रीच्या सहापैकी तीन राण्या कॅथरीन. त्यातली पहिली ॲरागॉनची, माहेरी कातालिना. हे नाव तिला पणजीवरून मिळालं होतं आणि पणजी लँकेस्टरची इंग्रज राजकन्या होती. नाव स्पेनला जाऊन परत इंग्लंडला आलं, फक्त मध्ये ल लावून. रशियाच्या दोन्ही सम्राज्ञी येकातेरिना तर जन्माने या नावाच्या नव्हत्याच. पहिली मार्ता, दुसरी जर्मन राजकन्या सोफी. सोफीला 1744 मध्ये ऑर्थोडॉक्स पंथात घेताना सम्राज्ञी एलिझाबेथने आपल्या आईचं, म्हणजे त्या मार्ताला मिळालेलं नाव दिलं.

आपल्या किनाऱ्याला हे नाव तारखेने आलं. संत कॅथरीनचा सण 25 नोव्हेंबर. त्याच दिवशी 1510 मध्ये अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा घेतला, आणि विजय त्या दिवसाच्या संतेच्या खात्यावर जमा झाला. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल म्हणून तिच्या नावाचं आहे. आत मुख्य वेदीवरच्या सोनेरी चौकटींत तिच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत. बघायला गेलात तर घंटा आणि पडलेला मनोरा यांतच वेळ घालवू नका. पुढे 1638 मध्ये पोर्तुगालच्या ब्रागांझा घराण्यात 25 नोव्हेंबरलाच मुलगी झाली. नाव अर्थातच कातारिना. 1661 च्या करारानुसार तिच्या हुंड्यात मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे गेलं, ती कॅथरीन झाली आणि बेट 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्याने कंपनीला मिळालं. दादर-कुर्ल्याचे आजचे भाव माहीत असणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचू नये.

फ्रान्समध्ये पंचविशी गाठूनही लग्न न झालेल्या मुली त्या दिवशी हिरव्या-पिवळ्या टोप्या घालतात. त्यांना कॅथरिनेत म्हणतात. पोलंडच्या तोरुनमध्ये काताझिंका नावाचं जिंजरब्रेड मिळतं, सहा गोल एकमेकांना चिकटवल्यासारखं. हंगेरियन शेतकरी म्हणतो, कातालिनच्या दिवशी जमीन गोठून ठणठणली तर नाताळला चिखल.

फसगत होण्याच्या जागाही सांगायला हव्यात. नॉर्वेत कारी ही बाई. तिथे सामान्य माणसांच्या जोडीला 'ओला आणि कारी' म्हणतात. फिनलंडमध्ये कारी हा बाप्या असतो आणि त्याचं नाव वेगळ्याच मुळाचं आहे, माकारिओसचं. नुसत्या नावावरून ईमेलमध्ये 'मॅडम' लिहू नये. डोनाल्ड डकची मैत्रीण डेझी स्वीडनमध्ये काय्सा आणि नेदरलँड्समध्ये कात्रीन होते, म्हणजे दोन्हीकडे तीच आपली. आणि 2005 च्या कत्रिना वादळाने न्यू ऑर्लिन्सची दैना केल्यावर हवामान संघटनेने ते नाव अटलांटिकच्या यादीतून कायमचं काढलं आणि त्याच्या जागी कातिया घातली. यादी दर सहा वर्षांनी फिरते. कातियाची पुढची पाळी 2029 मध्ये.