परमिटवरचा एक क्रमांक

वाफेच्या लाइनवर काम करताना एका फिटरचे दोन्ही हात भाजले. कारखाना परदेशातला, नोकरी तिथल्या उपकंपनीची, आणि तिचे सगळे शेअर इंग्लंडमधल्या मूळ कंपनीकडे. फिटरने भरपाई मागितल्यावर मूळ कंपनीने ठरलेलं उत्तर पाठवलं: हा आमचा कामगार नाही, उपकंपनी कायद्याने वेगळी, दावा तिथल्याच कोर्टात लावा.

मालकी दाखवून अशा दाव्यात काहीच साधत नाही. सुरक्षेचा कारभार मूळ कंपनीने स्वतः हातात घेतला होता का, हे दाखवावं लागतं. वेदांताच्या झांबियातल्या खाणीच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच पाहिलं: समूहाने धोरण नुसतं छापलं, की प्रशिक्षण देऊन, देखरेख ठेवून राबवलंही?

म्हणून फिटरच्या बाजूने दावा तयार करताना मी नेमणूकपत्राआधी त्या दिवसाचं वर्क परमिट, म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याआधीचा लेखी परवाना, वाचलं. छापील रकाना सांगत होता: दोन व्हॉल्व्ह बंद, मधला ब्लीड (दोन्हींमधली वाफ बाहेर सोडणारी छोटी वाट) उघडा. हाताने लिहिलं होतं: एकच व्हॉल्व्ह, एकच कुलूप. शेजारी नियमातून सवलत दिल्याचा एक क्रमांक. त्या क्रमांकाचा माग काढल्यावर ईमेल सापडला. दुसरा व्हॉल्व्ह बसवायला कारखान्याने शटडाउन मागितला होता. इंग्लंडमधल्या सुरक्षा विभागाने पुढच्या वार्षिक शटडाउनपर्यंत एका व्हॉल्व्हवर काम चालवायची परवानगी दिली होती. सीट (बंद होताना झडप टेकते ती कडा) झिजलेला व्हॉल्व्ह बंद करूनही वाफ सोडतो. ब्लीड नसेल तर ती पुढे साठतेय हे कुणाला कळत नाही, आणि फ्लँजचे, म्हणजे पाइपांच्या जोडाचे, बोल्ट ढिले केले की ती थेट अंगावर येते. हा निर्णय उपकंपनीचा नव्हताच. माझ्या मते आमचा अख्खा दावा त्या ईमेलवर उभा होता.

कोर्ट कुठलं, हा वाद 2020 च्या अखेरीस ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपून कोर्टाच्या अधिकाराचे युरोपीय संघाचे नियम सुटल्यापासून पुन्हा जोरात आहे. तिथे 2000 सालचा इंग्लंडच्या केप कंपनीविरुद्धच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ॲस्बेस्टॉस कामगारांचा निकाल उपयोगी पडतो. दक्षिण आफ्रिकेत एवढा गुंतागुंतीचा दावा लढायला पैसा आणि तज्ज्ञ मिळणार नाहीत, हे पाहून हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो दावा इंग्लंडमध्ये चालू दिला. पण हे नुसतं म्हणून भागत नाही. खर्च आणि तज्ज्ञांबद्दल तिथल्या वकिलाचं तपशीलवार निवेदन जोडावं लागतं.

खरी घाई दावा लावायच्या मुदतीची. कोर्ट इंग्लंडचं असलं तरी कायदा सहसा इजा झाली तिथला लागतो, मुदत आणि भरपाईचा हिशेबही तिथलाच. बांगलादेशात 2018 मध्ये जहाज तोडताना पडून कामगार गेला. लंडनच्या कंपनीविरुद्धचा तो दावा 2021 मध्ये कोर्ट ऑफ अपीलमध्ये टिकला, पण बांगलादेशातल्या एक वर्षाच्या मुदतीची तलवार लटकतच राहिली.

त्यामुळे दाव्याचा मसुदा होण्याआधीच आमचं पत्र गेलं. परमिट, कुलपांचं रजिस्टर, सवलतीचे ईमेल, समूहाचे ऑडिट, व्हॉल्व्हच्या देखभालीच्या नोंदी जपून ठेवा, असं त्यात बजावलं. आणि खुद्द व्हॉल्व्ह, न उघडता, सील करून. दुरुस्तीत नवा बसला की जुना भंगारात जातो.