वासोट्याच्या रानात, अस्वलाच्या मागावर

वासोट्याला लोक किल्ला बघायला जातात. आम्ही यंदा मे महिन्यात गेलो ते अस्वलासाठी. साताऱ्यातल्या काही रानवेड्या मंडळींनी ही छोटीशी सहल काढली होती. बामणोलीत मुक्काम, पहाटेची लाँच, सोबत गावातलेच एक वाटाडे मामा आणि अस्वलांच्या खाण्यावर अभ्यास करणारी एक ताई. निघायच्या आधीच ताईने सगळ्यांना बजावलं होतं, "अस्वल दिसेलच असं धरून येऊ नका. आणि दिसलंच तर लांबून दिसू दे, असं म्हणा." हे ऐकून दोघं तिथंच गळाले. बरंच झालं. एवढ्याशा लाँचमध्ये पाय पसरायला जागा मिळाली.

अस्वल हमखास बघायचं असेल तर वासोट्याला येऊ नये, हे आधीच सांगून टाकतो. त्यासाठी हंपीजवळ दारोजीचं अस्वल अभयारण्य आहे. 1994 साली खास अस्वलांसाठीच राखलेलं. तिथं वनखात्याची माणसं दुपारी खडकांवर गुळा-मधाचं मिश्रण फासून ठेवतात, अस्वलं डोंगरउतारावरून खाली येतात आणि समोरच्या मनोऱ्यातून आपण निवांत बघायचं. परदेशात तर याचं मोठं प्रस्थ आहे. अलास्कातल्या मॅकनील नदीवर साल्मन मासे धबधब्याशी अडतात, तेव्हा तपकिरी अस्वलं तिथं अक्षरशः गर्दी करतात. माणसांना मात्र लॉटरीतून परवाना, दिवसाला दहाच जण, तेही रक्षकांबरोबर. लाँचमध्ये ताई हे सांगत होती तेव्हा कुणीतरी विचारलं, मग आपल्याकडे असं का नाही? उत्तर सरळ आहे. आपलं अस्वल मासे धरत नाही. त्याचं पोट वाळवी, मुंग्या, फळं आणि मधावर भरतं, आणि हे सगळं रानभर थोडं थोडं विखुरलेलं असतं. त्यामुळे तेही एकेकटं फिरतं, बहुतेक रात्रीचं किंवा अगदी झुंजुमुंजू असताना. सगळ्यांनी एके ठिकाणी जमावं अशी जेवणाची पंगतच मुळी इथं बसत नाही.

शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी मे महिन्यात खूप खाली गेलेलं असतं. जिथं दिवाळीनंतर लाँच थेट झाडीपाशी लागते, तिथं आता भेगाळलेला गाळ आणि त्यावरून बरीच पायपीट. किल्ल्याच्या पायथ्याशी, मेट इंदवलीला, उतरलो तेव्हा शेजारच्या लाँचमधून एक टोळकं उतरत होतं, स्पीकरवर गाणी लावून. वनखात्याच्या चौकीवर त्यांचा स्पीकर बंद करायला लावला, सगळ्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्या-पिशव्या मोजून घेतल्या. आमचंही सामान तपासलं. परत येताना तेवढंच प्लास्टिक दाखवायचं. या शिस्तीबद्दल कुरकुर करणारे असतात, पण वासोट्याची वाट इतर किल्ल्यांच्या मानाने स्वच्छ राहिली आहे ती यामुळेच.

चौकीपर्यंत पोचायच्या आधीच, गाळातच, मामांनी आम्हाला थांबवलं होतं. मला पहिल्यांदा वाटलं, कुणाचं तरी लहान मूल इथून अनवाणी गेलंय. टाच, तळवा, बोटं, सगळं माणसासारखं. "हे मागलं पाऊल," मामा काठीने दाखवत म्हणाले, "आता फुडलं बगा." पुढच्या पावलाला टाच नव्हती. आडवी गादी, तिच्या पुढे पाचही बोटं जवळजवळ एका ओळीत, आणि बोटांपासून बरीच पुढे, सुटी, नखांची पाच भोकं. बोटं आणि नखं यांच्यात माझी दोन बोटं आडवी सहज मावली. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, अस्वलाला ती सोय नाही. त्याची नखं म्हणजे कायम बाहेर असलेली कुदळ. रात्री पाण्यावर आलं असणार आणि परत झाडीत गेलं असणार. पावलं आमच्याच वाटेच्या दिशेने चालली होती, हे कुणी मोठ्याने बोललं नाही, पण प्रत्येकाच्या लक्षात आलं होतं.

ओढा ओलांडून मारुती-गणपतीला नमस्कार केला की दाट रान लागतं. भर उन्हाळ्यातही इथं सावलीच. जांभूळ, अंजनी, हिरडा, मध्येच फणस. वर शेकरूची घरटी. वाघाच्या सफारीला गेलेल्यांना तोंडाला कुलूप लावायची सवय असते, आमच्यातही एक ताडोबा करून आलेले काका होते. ते कुजबुजत बोलायला लागले तसं मामा म्हणाले, "आवो, मोठ्यानं बोला की! गप ऱ्हाऊन हितं कुनाचं भलं झालंय?" आणि स्वतः दर वळणाआधी काठी दगडावर आपटून 'हो हो हो' करत चालले.

यामागचं कारण ताईने नंतर नीट सांगितलं. अस्वलाला वास जबरदस्त येतो, पण नजर अधू. त्यात खाण्यात रमलं की त्याचाच आवाज इतका मोठा असतो, की माणूस चार पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. दचकलं की पळून जाण्याऐवजी अंगावर येतं. वाघ आणि बिबट्या यांच्या रानात वाढलेला प्राणी हा. बिबट्या झाडावर चढतो, म्हणजे झाडावर पळूनही सुटका नाही. मग उभं राहून भिडणं हाच त्याला जमलेला बचाव. मे महिन्यात तर आणखी एक भानगड. पिल्लं बहुधा डिसेंबर-जानेवारीत गुहेत जन्मतात आणि उन्हाळ्यात आईच्या पाठीवर, लांब केसांना धरून, स्वार होऊन फिरत असतात. अशा आईच्या वाटेत येऊ नये. विदर्भात मोहाची फुलं वेचायला भल्या पहाटे गेलेल्या बायामाणसांवर हल्ले होतात, ते याच अचानक गाठ पडण्यातून. दोघंही एकाच झाडाखाली, एकाच वेळी, खाली मान घालून.

तासाभराच्या चढणीनंतर वाटेच्या कडेला वारूळ दिसलं. दिसलं म्हणजे, एके काळी वारूळ असावं असं काहीतरी. कमरेएवढा ढिगारा एका बाजूने फोडून आत हातभर खोल भगदाड पाडलं होतं. भगदाडाच्या भिंतीवर नखांचे समांतर चर, खुरप्याने ओढावेत तसे. खणलेली माती एका बाजूला ढीग करून पडलेली. ही माती अस्वल आधी फुंकून उडवतं, मग तोंड भोकाला लावून वाळवी ओढून घेतं. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. तिथल्या फटीतून, पुढे काढता येणाऱ्या लांब ओठांच्या नळीने, ते अक्षरशः व्हॅक्यूम क्लीनरसारखं खेचतं. नाकपुड्या बंद करता येतात, म्हणून माती नाकात जात नाही. मामांनी त्या आवाजाची नक्कल केली. शंभर मीटरवरून ऐकू येतो म्हणतात, मामांचा तर खाली चौकीपर्यंत गेला असेल.

मी वाकून माती चिमटीत घेतली. ओली होती. वरचा थर सगळीकडे वाळून पांढरा पडलेला आणि ही माती गार, गडद. भगदाडात वाळवीचे पांढुरके कामकरी किडे अजून सैरावैरा धावत होते, काही जण तर दुरुस्तीला लागलेही होते. मामांनी एक नजर टाकली आणि त्यांच्या चेहऱ्यावरची गंमत गेली. सगळ्यांना वाटेवर एकत्र केलं, मोठमोठ्याने हाका मारल्या, काठी आपटली, आणि चांगली दहा-पंधरा मिनिटं आम्हाला तिथंच उभं केलं. ताडोबावाले काका कॅमेरा सरसावून झाडीत दोन पावलं शिरले तर त्यांना दंडाला धरून मागे आणलं. दुसऱ्या कुठल्या सफारीत ताजी खूण म्हणजे 'चला पुढे', इथं ताजी खूण म्हणजे 'थांबा, त्याला जाऊ द्या'. मला हा फरक मनापासून पटला. त्याच्या जेवणात व्यत्यय आणून फोटो काढण्यात कसलं आलंय निसर्गप्रेम?

पुढे एका खडकावर विष्ठा सापडली आणि ताईचा चेहरा खुलला. अभ्यासाची परवानगी तिच्याकडे होती, आम्ही हात लावायचा नाही, फक्त बघायचं. हातमोजे घालून तिने काडीने ती उकलली. करवंदांमुळे जांभळट-काळी. आत करवंदाच्या बिया, उंबराचे बारीक दाणे, मुंग्यांची चकाकती डोकी आणि मेणाचा एक तुकडा, म्हणजे कुठल्या तरी ढोलीतलं सातेरी मधमाश्यांचं पोळं गेलं. बिया धडधाकट होत्या. अस्वल फळ इथं खातं आणि बी दोन डोंगर पलीकडे, खतासकट, टाकतं. हा भाग ऐकताना काकांनीही कॅमेरा खाली ठेवला.

वर किल्ल्यावर डबे सोडले. बाबुकड्यावरून कोकण धुरकट दिसत होतं, जुना वासोटा समोर. वासोट्याचं आणखी वर्णन करत नाही, ते सगळीकडे मिळेल. तिथं छताविना उभ्या मारुतीपाशी मामा बसले आणि दरवेशाची आठवण निघाली. नाकात दोरी ओवलेलं अस्वल घेऊन तो गावात यायचा, मुलांना पाठीवर बसवायचा, आणि भीती जावी म्हणून अस्वलाच्या केसाचा ताईत विकायचा. मामांच्याही गळ्यात लहानपणी तो होता. "केस कुठनं येतो ते कळायचं न्हाई तवा," म्हणाले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हा खेळ बेकायदा ठरला, तरी रस्त्यावरची शेवटची नाचवली जाणारी अस्वलं सोडवायला 2009 उजाडलं. पिल्लासाठी आईला मारायचे, हे त्या ताईतामागचं गणित. आज अस्वल याच कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे.

उतरताना ते वारूळ पुन्हा लागलं. माती वाळली होती, वाळवीने भगदाडाची कड लिंपायला घेतली होती. अस्वल काही दिसलं नाही. उतारावर गवे मात्र दिसले, आणि काकांना फोटो मिळाला.

कुणाला जायचं असेल तर: साताऱ्याहून कासमार्गे बामणोली. परवानगी वनखात्याकडून, लाँच तिथंच ठरवता येते. हा कोयना अभयारण्याचा, म्हणजे 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. रात्री आत राहता येत नाही, संध्याकाळच्या आत खाली यावंच लागतं, तेव्हा पहिली लाँच चुकवू नका. गावातला वाटाड्या घ्याच. एकटं-दुकटं पुढे पळू नका, हेडफोन घरी ठेवा, पहाटे आणि तिन्हीसांजेला करवंदांच्या जाळीत शिरू नका. समोरासमोर आलंच तर पाठ फिरवून धावायचं नाही, बोलत बोलत हळूहळू मागे सरायचं. अंगावर आलं तर पालथं पडून मानेवर हात. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. ताई पुन्हा दिवाळीनंतर जाणार आहे, तेव्हा उंबराखाली काय सापडतं ते बघायला. मी नाव दिलंय. काकांनीही.