उजव्या हाताची नखं

गेल्या जूनमध्ये, 51व्या वर्षी, मी क्लासिकल गिटार, म्हणजे नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची गिटार, शिकायला लागले. राहते ठाण्यात, चरईत, क्लास तिथल्याच नौपाड्यात, दर शनिवारी चार वाजता. पहिल्या दिवशी सरांना एकच प्रश्न विचारला, "सर, नखं वाढवावी लागतील का? मी रोज भाकऱ्या करते."

व्हिडिओत पाहिलेल्या बहुतेक वादकांची उजव्या हाताची नखं वाढवलेली, छान घासून गोल केलेली होती, आणि डाव्या हाताची मांसाला लागून कापलेली. (सरोदवाले डाव्या हाताची जपतात, इथे उलटं.) आमच्याकडे रोज ज्वारीच्या सहा भाकऱ्या, आठवड्याला दोन नारळ खवायचे, शिवाय करपलेल्या कढया. यात कुठलं नख टिकणार?

सर माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. म्हणाले, "काकू, नखांचं वर्षभराने बघू. आत्ता बोटाच्या मांसाने वाजवा. फेर्नांदो सोरसुद्धा नखाशिवायच वाजवायचा."

त्या रात्री सोर या स्पॅनिश गिटारवादक-संगीतकाराबद्दल मिळेल ते वाचलं. 1778 मध्ये बार्सिलोनात जन्मला, 1839 मध्ये पॅरिसमध्ये गेला. नखाचा आवाज त्याला सहन होत नसे, आणि गिटार शिकवणाऱ्या आपल्या पुस्तकात त्याने ते स्पष्ट लिहूनही ठेवलं. पण त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो नखांनीच वाजवायचा! पॅरिसमध्ये दोघं एकाच हॉटेलात राहिले, आणि दोघांनी मिळून वाजवायला सोरने एक रचना केली, तिचं नाव 'दोन मित्र'. हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे नखं नसली तर आपलं शिकणं काही अर्धवट ठरत नाही. तेव्हा तारा आतड्याच्या असत, नायलॉनच्या दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या. तरी बोट तेच, तार सोडण्याची रीतही तीच.

गिटार मात्र पहिल्यांदा चुकलीच. माळ्यावर भाच्याची जुनी क्लासिकल गिटार होती, तारा गंजलेल्या. एका दुकानात दिली, तर त्यांनी तिला स्टीलच्या तारा चढवल्या. स्टीलचा ताण नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि ही गिटार तेवढ्या ताणासाठी बांधलेलीच नसते. आठवड्याभरात ब्रिज, म्हणजे तारा जिला बांधतात ती लाकडी पट्टी, मागून उचलला गेला. मला फार वाईट वाटलं, भाच्याने हौसेने घेतलेली वस्तू होती ती. कुणी जुनी गिटार बाहेर काढत असाल तर एवढं नक्की बघा: गिटार मांडीवर घेतल्यावर खालच्या येणाऱ्या तीन तारा साध्या, पारदर्शक नायलॉनच्या हव्यात.

नवी घेतली. तिच्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात, दर दहा मिनिटांनी सुरात आणायच्या. डावा पाय उंच ठेवायला फूटस्टूल लागतं, मी देवघरातले दोन पाट एकावर एक ठेवते.

पहिले तीन आठवडे डावा हात मांडीवर. फक्त उजवा, मोकळ्या तारा, तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने. मी तार बाहेर ओढत होते, त्यामुळे आवाज पातळ आणि चिडका यायचा. सरांनी माझं बोट धरून दाखवलं. शेंडा तारेवर टेकवायचा, तार किंचित आत, लाकडाकडे दाबायची, आणि मग बोट निसटू द्यायचं. निसटलेलं बोट शेजारच्या तारेवर जाऊन विसावतं. याला अपोयांदो म्हणतात. बोट शेजारच्या तारेला न लागता हवेतच राहिलं तर ते तिरांदो. चौथ्या आठवड्यात एकदा तो स्वर आला. गोल, जाड, पिकलेल्या चिकूसारखा. छातीला टेकलेलं लाकूड थरथरलं. मी पुन्हा वाजवला, पुन्हा नाही आला. तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला त्याच स्वराच्या मागे बसते. नायलॉनचा आवाज इतका मऊ की शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात, त्यांना जाग येत नाही.

पावसाळ्यात वरच्या तीन, धातू गुंडाळलेल्या तारा काळवंडल्या, बदलल्या. हात घामेजले असले की पुसूनच बसायचं, हे तेव्हा शिकले.

आता सोरच्या ओपस 60, म्हणजे साठाव्या क्रमांकाच्या संग्रहातला पहिला अभ्यास, सरावासाठीची छोटी रचना, वाजवते. सी मेजरमध्ये, जवळजवळ सगळा एकेका स्वराचा. पन्नाशी उलटलेल्या, नाव झालेल्या माणसाने नवख्यांसाठी इतकं साधं लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यात उगाच घातलेला एकही स्वर नाही, म्हणून एक जरी कच्चा पडला तरी लगेच ऐकू येतो.

परवा सर म्हणाले, अनामिकेचं नख थोडं वाढवून बघा, दोन्ही आवाज ऐका आणि मग ठरवा. वाढवलं आहे, जेमतेम दीड मिलिमीटर. पीठ आता डाव्या हाताने मळते. भाकरी मात्र उजव्यानेच थापली जाते, आणि काल पाचव्या भाकरीला नखाची खूण उमटली होती. नवऱ्याने ती बाजूला काढली आणि तीच आधी खाल्ली.