चतकोर ऊन

आमच्या बाल्कनीत थंडीच्या दिवसांत सकाळी सव्वानऊला ऊन येतं आणि साडेअकराच्या सुमाराला जातं. पूर्वी चांगलं चार वाजेपर्यंत असायचं, पण समोर टॉवर उभा राहिला आणि आमच्या पानात उरला तो हा चतकोर तुकडा. फरशा मोजून सांगतो, रिटायर माणसाला तेवढा वेळ असतो: डिसेंबरात दोन फुटी चार फरशा लांब आणि दीड फरशी रुंद. एवढ्या जागेवर आमच्या घरात तिघांचा दावा आहे. बायकोच्या कुंड्या, माझं विणकाम, आणि गोधडी.

गोधडी म्हणजे मांजर. लेक बंगळूरला नोकरीला गेली तेव्हा "बाबा, तीनच महिने सांभाळ, फ्लॅट मिळाला की नेते" असं सांगून ठेवून गेली. त्याला आता चार वर्षं झाली. फ्लॅट मिळाला, बदलला, परत बदलला, पण एकजात सगळ्या घरमालकांना मांजराचं वावडं. अंगावर काळी, तांबडी, पांढरी अशी ठिगळं आहेत म्हणून गोधडी. पहिल्यांदा दवाखान्यात नेली तर डॉक्टरांनी शेपूट उचलून न बघताच "ही भाटी आहे" म्हणून कार्डावर लिहून टाकलं. म्हटलं कसं ओळखलंत, तर म्हणाले तांबडा रंग एक्स क्रोमोसोमवर असतो, काळा आणि तांबडा दोन्ही एकाच अंगावर यायचे तर दोन एक्स लागतात, म्हणून तिरंगी मांजर बोका निघणं फारच दुर्मीळ. मला हे ज्ञान आवडलं. तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला ऐकवतो आणि बायको स्वयंपाकघरातून "झालं का सुरू?" म्हणते.

आता विणकामाचं. पाचवीत मला कावीळ झाली होती, दीड महिना घरी, उसाचा रस आणि वरणाशिवाय भात. गोष्टींची पुस्तकं संपली, मी आईचं डोकं खायला लागलो, तेव्हा तिने वैतागून दोन सुया हातात दिल्या आणि वीस टाके घालून दिले. सुलट, उलट, सुलट, उलट. कावीळ बरी झाली, हे काही सुटलं नाही. नोकरीत असताना कुणाला सांगितलं नाही, उगाच कशाला, पण आता काय लपवायचं. तरी तुळशीबागेत लोकर घ्यायला गेलो की दुकानदार हमखास विचारतो, "वहिनींना कुठली शेड हवीय?" वहिनी त्या वेळी बाहेर रस्त्यावर खुरप्याचा भाव करत असतात.

तर ऊन. बायकोचं म्हणणं साधं आहे. झाडांना उन्हावाचून जगता येत नाही, तुम्हाला येतं. जानेवारीच्या शेवटी ती मोगरा छाटते, पानं ओरबाडते, काही दिवस पाणी तोडते आणि मग शेणखत आणि निंबोळी पेंड घालून कुंडी नेमकी त्या चार फरशांच्या मध्यावर आणून ठेवते. तिथे माझी खुर्ची असते. असायची. मी म्हणतो अगं, मोगऱ्याला दुपारचं ऊन मिळालं तरी चालेल, तर म्हणते दुपारचं ऊन आणा कुठून, टॉवरवाल्याकडून? यावर बोलण्यासारखं काही नसतं. मग मी खुर्ची सरकवतो आणि माझं डोकं सावलीत आणि पाय उन्हात अशा अवस्थेत विणत बसतो. गोधडी कुंडी आणि खुर्ची यांच्यामधली जी काही इंच-दोन इंच फट असेल तिच्यात ओतल्यासारखी मावते आणि बघता बघता फुगत जाते. अर्ध्या तासाने बघावं तर कुंडी एकीकडे, मी एकीकडे, आणि मधे उन्हाचा सगळा मलिदा हिच्या पोटाखाली. ऊन सरकलं की झोपेतच लोळून फरशी बदलते. घड्याळ बघायची गरज नाही, गोधडी तिसऱ्या फरशीवर आली की चहा ठेवायचा.

बरं, ऊनसुद्धा एका जागी राहत नाही. आमची बाल्कनी दक्षिणेची. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून ऊन तिरकं थेट हॉलपर्यंत आत घुसतं. संक्रांतीनंतर रोज थोडं थोडं मागे जायला लागतं, होळीपर्यंत कठड्याशी पोचतं, आणि मोगऱ्याला खरी उन्हाची हौस तेव्हाच. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, मग जुलै संपेपर्यंत दुपारचा तो आमच्या बिल्डिंगच्या उत्तरेला, म्हणजे पार्किंगच्या बाजूला. आख्खा उन्हाळाभर बाल्कनीत झाडं असून उन्हाचा थेंब नाही. बायकोने हे मागच्याच वर्षी नीट ताडलं आणि म्हणाली, "फ्लॅट घेताना दिशा तुम्ही बघितली होती ना?" घेतला होता 1998 साली.

कुंड्यांची दुसरी भानगड म्हणजे गोधडीला ताजी भुसभुशीत माती दिसली की ती स्वतःसाठीच केलीय असं वाटतं. तिचा वाळूचा ट्रे आहे, महागाची वाळू आहे, पण कोथिंबीर पेरली रे पेरली की बाई संध्याकाळी तिथे उकरायला हजर. संत्र्याची सालं टाकून झाली, खडे अंथरून झाले. मग एके दिवशी मी दहा नंबरच्या सुया शोधतोय, घरभर शोधतोय, बाळाचा स्वेटर सुरू करायचा होता, आणि सापडल्या कुठे तर कोथिंबिरीच्या कुंडीत, टोक मातीत आणि गुंडी वर, आठ नंबर, दहा नंबर, बारा नंबर, आईच्या वेळची ती निळी अॅल्युमिनियमची जोडीसुद्धा, सगळं कुंपण ओळीने खोचलेलं. मी काही बोलायच्या आतच बायको म्हणाली, "चार दिवसांत एकदाही उकरलं नाही तिने." कोथिंबीर खरंच उगवली होती. मी दहा नंबर तेवढ्या काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी पोळीच्या डब्यातले जुने चमचे खोचले. गोकर्णीचा वेलसुद्धा माझ्या उरलेल्या लोकरीने ग्रीलला बांधलाय. गुलाबी, राणी, मोरपंखी. फुलं निळी आणि गाठी राणी रंगाच्या, दिसतं बरं पण.

खोकलीचं लक्षात आलं ते असंच योगायोगाने. खोकली म्हणजे ते कुंडीत आपोआप उगवणारं तण, पानं थोडी दातेरी, देठाशी वाटीसारखी हिरवी फुलं. एका रविवारी बायको तण काढत होती आणि उपटलेलं फरशीवर टाकत होती. गोधडी झोपलेली. एकदम डोळे न उघडता नुसतं नाक हललं. उठली, सरळ त्या ढिगाशी गेली, पानांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मातीसकट मुळाला तोंड घातलं आणि पुढची दहा मिनिटं आमच्या घरात ती मांजर नव्हतीच. मुळावर गाल घासतेय, लाळ गळतेय, पाठीवर लोळून चारी पाय वर, परत उठून मुळं कवटाळतेय. आम्हाला वाटलं विषबाधा. वरच्या मजल्यावर चेन्नईच्या मामी राहतात, त्यांना बायकोने हाक मारली, कारण संकटात हिला आधी त्या आठवतात. त्या आल्या, बघून हसायलाच लागल्या. म्हणाल्या, आमच्याकडे याला कुप्पैमेनी म्हणतात, आणि दुसरं नाव पूनैवणंगी, म्हणजे मांजर जिच्यापुढे नमस्कार घालतं ती. झाड जमिनीत असताना काही होत नाही, उपटून मूळ उघडं पडलं की मांजरं वेडी होतात. खरंच, तेच झाड इतके दिवस शेजारच्या कुंडीत उभं होतं आणि ही त्याच्यावरून शेपूट हलवत जायची. आता बायको तण काढते ती आठवड्याला एकच खोकली, गोधडीची पॉकेटमनी म्हणून. बाकीची राखून ठेवलीयत. जी बाई मोगऱ्याच्या कुंडीत दुर्वांची काडी सहन करत नाही तिने तण राखलंय!

सगळं खाणं असं गमतीचं नसतं पण. मनी प्लांट एकदा चावला तर तोंडातून फेस, पंजाने तोंड पुसतेय. त्यात तेच असतं जे अळवात असतं, सुईसारखे बारीक स्फटिक, ज्यांच्यामुळे चिंच कमी पडली की फतफतं घशात खाजतं. मनी प्लांट त्या दिवशीच मामींकडे वर गेला. आणि दुसरं प्रकरण माझ्यामुळे झालं, ते सांगायला हवं. लोकरीची टोपली मी उघडी ठेवायचो. गुंडा आणि मांजर, कॅलेंडरवर असतं तसं चित्र, मलाही कौतुक. एका दुपारी बघतो तर हिच्या तोंडातून करड्या लोकरीचं एक टोक लोंबतंय आणि ही घशातल्या घशात ओक-ओक करतेय. मी टोक धरलं आणि ओढणार, तेवढ्यात आधी डॉक्टरांना फोन तर करू असं डोक्यात आलं. ते फोनवर ओरडलेच, "काका, ओढू नका!" मांजराच्या जिभेवर काटे असतात ते घशाकडे वळलेले, त्यामुळे धागा एकदा जिभेवर चढला की तिला थुंकताच येत नाही, गिळतच जाते. तो आत कुठे अडकला आणि आपण ओढला, किंवा आतड्यानेच ओढत नेला, तर परकराची नाडी ओढल्यावर जशा चुण्या पडतात तसं आतडं गोळा होतं आणि धाग्याने कापलं जातं. हे ऐकताना माझ्या हातात ते टोक होतं. दवाखान्यात गेलो, त्यांनी जेवढा तोंडात मोकळा दिसत होता तेवढा हलक्या हाताने कापला, एक्सरे काढला, दोन दिवस तिथे ठेवून घेतली. घरात ऊन सव्वानऊला आलं, चारही फरशा मोकळ्या. मी खुर्ची मध्यावर टाकली नाही. बायकोनेही मोगरा कोपऱ्यातच राहू दिला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला की धागा खालच्या मार्गाने सुखरूप बाहेर पडला, वीतभर होता. त्यानंतर लोकर पिठाच्या स्टीलच्या डब्यात गेली, झाकण घट्ट, आणि बायको दर आठवड्याला चुकून तोच डबा भाकरीसाठी उघडते.

बाळाचा स्वेटर नाशिकच्या भाचीसाठी चालला होता. तिला मार्चमध्ये बाळ होणार, म्हणजे घालायला थंडी मिळणार ती नऊ महिन्यांनी, म्हणून नवजात नाही, एक वर्षाचं माप धरलं. पिवळी लोकर, पुढच्या भागाला 62 टाके, दोन सुलट दोन उलट बॉर्डर. मुंढ्यापर्यंत आलो तोवर सगळं सुरळीत. मग एकदा मी फोन घ्यायला उठलो आणि सुई खुर्चीवर ठेवली. परत येईपर्यंत गोधडीने सुई ओढून कठड्याखाली नेली होती आणि स्वेटरवर उभी राहून, डोळे अर्धे मिटून, कणीक तिंबत होती. डावा पंजा, उजवा पंजा, डावा पंजा. पिल्लू असताना आईच्या पोटावर करतात तेच. प्रत्येक पंजाला नख बाहेर, प्रत्येक नखाला एक टाका. तिला उचलावं तर स्वेटर बरोबर येतोय, आणि तो सुईवरून निघालेला, बासष्टच्या बासष्ट टाके मोकळे. मी गुडघ्यावर बसून एकेक नख सोडवत होतो आणि ती मोटार चालू असल्यासारखी घुरघुरत होती. सहा ओळी उसवल्या. परत विणल्या. परत उसवल्या, कारण मुंढ्याचं गणित चुकलं, ते माझंच. तिच्या नावावर खपवायचा मोह झाला होता.

स्वेटर एप्रिलमध्ये गेला. ताईचा फोन आला, "अरे, काय सुंदर झालाय! आणि मधेमधे तो बारीक सोनेरी जरीचा धागा घातलायस ना, तो तर फारच खुलतो." मी "हो, जरा ट्राय केलं" म्हटलं. बायको शेजारी बसून मख्ख तोंड करून ऐकत होती. मग ताई म्हणाली, "काळासुद्धा घातलायस का रे कुठे कुठे?"

मेमध्ये सोसायटीकडून गच्चीची परवानगी मिळाली आणि चार खेपांत कुंड्या वर गेल्या. लिफ्ट नेमकी बंद, त्यामुळे मोगरा मी उचलून नेला, तिसऱ्या मजल्यावर दम खाल्ला. गोधडी मागून आली, बोलावलं नव्हतं. वर पोरं जमलेली, शून्य सावलीचा दिवस होता, कुणी बाटली उभी केलीय, कुणी स्टीलचा ग्लास. साडेबाराच्या सुमाराला सावल्या आखडत आखडत पायाखाली गेल्या आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. आख्खी गच्ची नुसतं ऊन. किती फरशा असतील मोजल्या नाहीत, शंभर-दीडशे तर नक्की. एवढ्या मोठ्या गच्चीत सावलीची एकच जागा, पाण्याच्या टाकीखालची, खांबांच्या मधली. गोधडी आधीच तिथे जाऊन मध्यावर पसरली होती. मोगऱ्याची पानं माना टाकायला लागली म्हणून बायकोने कुंडी ओढत तिथेच आणली. मी टोपड्याचं सुती विणकाम असलेली पिशवी काखेला मारून वाकून आत शिरलो.

"अहो, जरा सरका," बायको म्हणाली, "हिला लागेल."

कुणाला, ते विचारलं नाही. सरकलो.